चित्र बार्सिलोनात, भिंत ताऊलात

१० डिसेंबर ११२३ रोजी रामोन नावाचा बिशप पिरेनीज पर्वतातल्या ताऊल या खेड्यात होता. संत क्लेमेंटच्या नावाने बांधलेल्या नव्या चर्चचं त्या दिवशी त्याने पवित्रीकरण केलं आणि वेदीत संत कॉर्नेलियसचे अवशेष ठेवले. दुसऱ्या दिवशी, ११ डिसेंबरला, त्याच गावात चार पावलांवर असलेल्या पवित्र मरियेच्या चर्चचाही तोच विधी उरकला. समुद्रसपाटीपासून सुमारे पंधराशे मीटर उंचीवरचं गाव, डिसेंबरची थंडी, आणि दोन दिवसांत दोन चर्च. वस्ती आजही काहीशेच्या आसपास आहे. नऊशे वर्षांपूर्वी ती किती असेल याचा अंदाज कुणीही करावा.

मध्ययुगातल्या खेड्यातल्या चर्चला एवढी नेमकी तारीख मिळणं दुर्मीळ. बहुतेकांच्या बाबतीत अभ्यासक दगडांची घडण आणि कमानींचा आकार पाहून पन्नास वर्षं अलीकडे-पलीकडे सांगतात. ताऊलची तारीख कळते, कारण संत क्लेमेंटच्या चर्चमधल्या एका खांबावर ती रंगाने लिहून ठेवलेली होती. साल, महिना, दिवस, बिशपचं नाव, कुणाचे अवशेष ठेवले तेही. मात्र हा मजकूर वाचायला आज ताऊलला जाऊन उपयोग नाही. खांबावरची ती अक्षरं बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहेत आणि वेदीमागचं जगप्रसिद्ध चित्रही तिथेच आहे. गावात उरली आहे ती इमारत.

कॅटालोनियाच्या वायव्य कोपऱ्यात, आरागॉनच्या सीमेला लागून, नोगेरा दे तोर नदीचं एक खोरं आहे. त्याला बोईचं खोरं म्हणतात. या अरुंद खोऱ्यात अकराव्या-बाराव्या शतकातली इतकी चर्च एका जागी टिकून आहेत, की त्यातल्या नऊ वास्तूंना मिळून युनेस्कोने २००० साली जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ताऊलची दोन, बोई, एरिल, बारुएरा, कार्देत आणि कोल या गावांचं एकेक, दुरोचं एक आणि त्याच गावाच्या वरच्या अंगाला डोंगरावर असलेलं संत किर्कचं छोटं प्रार्थनास्थळ. गुरं राखणाऱ्या आणि डोंगरउतारावर थोडंफार धान्य पिकवणाऱ्या या खोऱ्यात एवढं बांधायला पैसा कुठून आला?

त्याचं उत्तर खोऱ्याबाहेर आहे. एरिल घराण्याचे सरदार या भागाचे धनी. आरागॉनचा राजा पहिला आल्फोन्सो त्या काळात दक्षिणेकडच्या मुस्लिम राज्यांवर एकामागून एक मोहिमा काढत होता; १११८ साली त्याने सारागोसा जिंकलं. या मोहिमांत एरिलचे सरदार होते. तिथून आलेली लूट आणि मानमरातब यांतला काही भाग गावाकडच्या देवस्थानांवर खर्च झाला, असं इतिहासकार मानतात. आपल्याकडेही उत्तरेच्या स्वाऱ्यांवरून परतलेल्या सरदारांनी मूळ गावात देवळं आणि घाट बांधले, तेव्हा ही रीत मराठी वाचकाला नवखी वाटू नये.

दुसरं कारण धर्मसत्तेच्या भांडणाचं. हे खोरं रोदा-बार्बास्त्रोच्या बिशपच्या हद्दीत यावं की पूर्वेकडच्या उर्जेलच्या, यावरून बराच काळ तंटा चालू होता. बिशप रामोन मूळचा आजच्या फ्रान्समधला, तुलूझच्या प्रसिद्ध संत सर्नँ मठातून आलेला. १११६ साली शेजारच्या वेस्काच्या बिशपने त्याला बार्बास्त्रोमधून चक्क हुसकावून लावलं होतं. अशा माणसाने ऐन हिवाळ्यात डोंगर चढून ओळीने दोन चर्चचं पवित्रीकरण करावं आणि आपलं नाव खांबावर रंगवून घ्यावं, यात भक्तीबरोबर हद्द आखण्याचाही हेतू असणारच. चर्च एकदा बिशपच्या हातून पवित्र झालं की ते कुणाच्या हुकमतीत हे ठरलं. पुढे ११४० साली तडजोड होऊन हे खोरं उर्जेलकडेच गेलं हा भाग वेगळा. रामोन त्याआधीच, ११२६ साली वारला आणि पुढे संत झाला.

आता इमारत. संत क्लेमेंटचं चर्च गावाच्या वेशीपाशी, उतारावर उभं आहे. आत तीन समांतर दालनं, मधे गोल दगडी खांबांच्या दोन रांगा, वर लाकडी छप्पर आणि त्यावर पाटीच्या दगडाचे काळसर पत्रे. प्रत्येक दालनाच्या पूर्वेच्या टोकाला अर्धगोल भिंत, वर अर्धा घुमट. मधली मोठी, बाजूच्या दोन लहान. दगड स्थानिक, ग्रॅनाइटचा, फार मोठा नाही, हातोडीने ठाकठीक करून एकावर एक रचलेला. बाहेरच्या भिंतीवर छतालगत छोट्या आंधळ्या कमानींची झालर आणि करवतीच्या दातांसारखी नक्षी. ही शैली उत्तर इटलीतल्या लोंबार्डीच्या गवंड्यांनी आणली. ते टोळ्याटोळ्यांनी कामं घेत युरोपभर हिंडत. ताऊलचं चर्च बांधलं तोवर ही पद्धत सखल भागात जुनी होऊ लागली होती. डोंगरात फॅशन उशिरा पोचते आणि उशिरापर्यंत टिकते.

सर्वांत उठून दिसतो तो घंटेचा मनोरा. चौकोनी, सडपातळ, भक्कम तळावर सहा मजले, प्रत्येक मजल्याला कमानींच्या खिडक्या. जोड खिडक्यांच्या मधे एक बारीक खांब. अशा खिडक्यांनी दगडाचा भार कमी होतो आणि घंटेचा आवाज खोऱ्यात सुटतो. समोरच्या एरिल गावच्या चर्चलाही असाच उंच मनोरा आहे. मनोऱ्यांवरून एकमेकांना इशारे दिले जात असं स्थानिक मार्गदर्शक हौसेने सांगतात. असेलही, पण मनोऱ्याला कारण फक्त टेहळणीचंच हवं असं नाही. दोन गावांत एकाचा मनोरा उंच झाला की दुसऱ्याला चैन पडत नाही, हेही कारण पुरेसं असतं.

आज आपल्याला हे सगळं उघड्या दगडाचं दिसतं आणि तेच अस्सल वाटतं. प्रत्यक्षात मध्ययुगात या खोऱ्यातल्या चर्चच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता आणि गिलाव्यावर रंग होता, आतून तर होताच, पण काही ठिकाणी बाहेरूनही. नंगा दगड ही विसाव्या शतकाची आवड. बोई गावातल्या संत योहानाच्या चर्चमध्ये अलीकडे भिंती पुन्हा गिलावून चित्रांच्या प्रतिकृती लावल्या, तेव्हा पाहणाऱ्यांना जरा भडक वाटलं. बाराव्या शतकातल्या गावकऱ्याला मात्र ते ओळखीचं वाटलं असतं. तिथे संत स्टीफनवर दगड मारणारी माणसं आहेत, कसरती करणारे डोंबारी आहेत आणि एक उंट आहे. पिरेनीजमध्ये उंट!

संत क्लेमेंटच्या मुख्य वेदीमागच्या अर्धघुमटात मात्र चित्रकाराने असा खेळ केलेला नाही. मधोमध बदामाकार तेजोवलयात ख्रिस्त बसला आहे. एका कमानीवर बैठक, पायांखाली अर्धगोल, उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला, डाव्या हातात उघडं पुस्तक. पुस्तकावर लॅटिनमध्ये योहानाच्या शुभवर्तमानातलं ते वचन आहे, ज्यात येशू स्वतःला जगाचा प्रकाश म्हणवतो. दोन बाजूंना ग्रीक वर्णमालेतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर टांगलेलं. चेहरा लांबट, इतका मोजूनमापून सममित की तो माणसाचा राहत नाही. केस आणि दाढी समांतर रेघांची. डोळे मोठे, पाहणाऱ्याच्या पलीकडे रोखलेले. वस्त्राच्या चुण्या म्हणजे रंगांच्या धारदार पट्ट्या. देहाला घनता देण्याचा प्रयत्न नाही, मागे आकाश किंवा डोंगर नाही, फक्त निळ्या, पिवळ्या आणि काळसर रंगांचे आडवे पट्टे. भोवती चार देवदूत चार शुभवर्तमानकारांची चिन्हं घेऊन आहेत. त्यातल्या एकाने मार्कच्या सिंहाचा मागचा पाय धरला आहे आणि दुसऱ्याने लूकच्या बैलाची शेपटी. एवढ्या कडक चित्रात ही शेपटी पाहून बरं वाटतं.

हा चित्रकार कोण ते कळलेलं नाही. कलेतिहासात त्याला ‘ताऊलचा उस्ताद’ म्हणतात. ओल्या चुन्यावर रंग बसवण्याची पद्धत त्याला उत्तम अवगत होती, आणि असा हात एखाद्या डोंगरी खेड्यात घडलेला नसणार. त्याने इटली, फ्रान्स, कदाचित बायझंटाइन धाटणीची कामं पाहिलेली असावीत. कॅटालोनियाच्या या काळातल्या चित्रांत दिसणारा निळा रंग बऱ्याचदा एरिनाइट नावाच्या खनिजाचा असतो. ते पिरेनीजमध्येच सापडतं. अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्द परवडण्याजोगा नव्हता, मग डोंगराने आपला निळा दिला.

ख्रिस्ताच्या खाली प्रेषितांच्या रांगेत मरिया उभी आहे. तिच्या झाकलेल्या हातावर एक उथळ पात्र आहे आणि पात्रातून लाल किरण निघताहेत. या पात्राने अभ्यासकांची झोप उडवली. टोरोंटोचे इतिहासकार जोसेफ गोअरिंग यांनी २००५ साली एका पुस्तकात मांडलं, की पवित्र ग्रेलची जी कथा फ्रेंच कवी क्रेतियँ द त्रॉयने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिली, तिचं बीज पिरेनीजमधल्या या चित्रांत असावं. कवीच्या आधी अर्धं शतक इथे मरियेच्या हाती तेजाळ पात्र आहे. हा तर्क सर्वांना पटलेला नाही, मलाही तो थोडा ताणलेला वाटतो. पण कालानुक्रम मात्र त्याच्या बाजूचा आहे.

अर्धघुमटासमोरच्या कमानीवर आणखी दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे सात डोळ्यांचं कोकरू, प्रकटीकरणाच्या पुस्तकातलं. दुसरा लाजर. लूकच्या दृष्टांतातला भिकारी, श्रीमंताच्या दाराशी काठीला टेकून बसलेला, अंगभर फोड, आणि एक कुत्रा त्याच्या जखमा चाटतोय. एवढ्या ऐश्वर्याच्या चित्राच्या बाजूला हा भिकारी का, याचं उत्तर देवशास्त्रात मिळतं. पण खोऱ्यातल्या हिवाळ्यात उपाशी माणूस आणि कुत्रा ही जोडी ओळखायला देवशास्त्र लागत नव्हतं.

अशा चित्रांबद्दल एक वाक्य हमखास ऐकू येतं, की ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी हे भिंतीवरचं बायबल होतं. ताऊलच्या बाबतीत हे पुरतं खरं मानायला मी तयार नाही. खिडक्या अरुंद, मेणबत्त्यांचा मिणमिणता उजेड, चित्र उंचावर आणि नावं लॅटिनमध्ये. गावकऱ्याला त्यातून गोष्ट वाचता आली असती ती फार थोडी. चित्र वेदीसाठी होतं. मिस्सा चालू असताना फादर ज्या जागी उभा, त्याच्या डोक्यावर तोच ख्रिस्त सिंहासनावर. खालची भाकर आणि वरचा न्यायाधीश एका रेषेत. गावकऱ्याला ते समजावं यापेक्षा त्याला जाणवावं ही अपेक्षा असणार.

पुढच्या सातशे वर्षांत ताऊलमध्ये फारसं काही घडलं नाही, आणि चर्च टिकलं ते त्यामुळेच. लूट संपली, सरदार सखल प्रदेशात गेले, खोरं गरीब झालं. युरोपात ज्या गावांकडे पैसा आला त्यांनी जुनी चर्च पाडून गॉथिक बांधली, मग बरोक. बोईच्या खोऱ्यात पाडायलाही पैसा नव्हता. फार तर जुन्या चित्रावर चुना फासायचा, नाहीतर समोर नवं काही उभं करायचं. संत क्लेमेंटच्या मुख्य वेदीवर एक गॉथिक लाकडी चित्रफळी बसवली गेली आणि तिने मागच्या ख्रिस्ताचा बराच भाग झाकला. शेजारच्या मरियेच्या चर्चमध्ये अठराव्या शतकात बदल झाले, ते पुढच्या डागडुजीत काढून टाकले.

१९०७ साली बार्सिलोनात ‘कॅटलन अभ्यास संस्था’ स्थापन झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर व सप्टेंबरमध्ये तिची एक मोहीम खेचरांवर बसून आरागॉनच्या सीमेवरच्या खोऱ्यांत गेली. पुढारी होते वास्तुकार जोसेप पुच इ कादाफाल्क, सोबत विक शहराच्या संग्रहालयाचे धर्मगुरू जोसेप गुदिओल, एक कायदेपंडित, आणखी एक वास्तुकार आणि छायाचित्रकार आदोल्फ मास. कॅटलन भाषेला आणि अस्मितेला त्या काळात नवे धुमारे फुटत होते. मध्ययुग हे या लोकांना आपल्या राष्ट्राचं बालपण वाटत होतं. कवींनी भाषा शोधली, यांनी भिंती. चित्रफळीच्या मागे डोकावल्यावर ताऊलचा ख्रिस्त दिसला. संस्थेने लगेच या भित्तिचित्रांच्या रंगीत प्रतिकृतींची पुस्तिकामाला काढायला सुरुवात केली. हेतू चांगला होता. पण छापलेलं चित्र संशोधकाप्रमाणे दलालाच्याही हाती पडतं.

१९१९ साली कळलं की कॅटालोनियातल्याच मूर या गावच्या सांता मारिया चर्चच्या अर्धघुमटातली चित्रं भिंतीवरून सोलून काढली जात आहेत. ती विकत घेतली होती बार्सिलोनाचे उद्योगपती आणि संग्राहक ल्युईस प्लांदिउरा यांनी. मधला व्यवहार इग्नासी पोलाक या व्यापाऱ्याचा, आणि काम करणारे कारागीर इटलीतल्या बेर्गामोचे, फ्रांको स्तेफानोनी यांच्या हाताखालचे. ते चित्र १९२१ साली बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयाने घेतलं आणि ते आजही तिथेच आहे. कायद्याने हे रोखता येत नव्हतं. पुढच्या काही वर्षांत स्पेनमधल्याच सोरियाजवळच्या सान बाउदेलिओ या प्रार्थनास्थळाची चित्रंही अशीच अमेरिकेला गेली.

बार्सिलोनाच्या संग्रहालय मंडळातले जुआकिम फोल्क इ तोरेस यांनी मूरचा प्रकार पाहिला आणि त्यांनी जो निर्णय घेतला त्यावर आजही दोन मतं आहेत. चोराला अडवता येत नसेल तर चोराचा कारागीर आपण कामाला लावायचा. मंडळाने बोईच्या खोऱ्यातल्या चर्चची चित्रं चर्चकडून रीतसर विकत घेतली, आणि ती उतरवायला त्याच स्तेफानोनींच्या माणसांना नेमलं. १९१९ ते १९२३ या काळात हे काम चाललं. म्हणजे पवित्रीकरणाला बरोबर आठशे वर्षं भरली तेव्हा ताऊलची भिंत रिकामी होती.

पद्धत ऐकायला अघोरी आहे. इटालियनमध्ये तिला स्त्राप्पो म्हणतात. चित्रावर जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला गरम सरस लावून सुती कापड चिकटवायचं, त्यावर आणखी कापड. सरस वाळताना आकसतो आणि रंगाचा पातळ थर स्वतःकडे ओढून घेतो. मग कडेने छिन्नीने सोडवत कापड सोलायचं. कापडाला चित्र उलटं चिकटून येतं, जेमतेम नखाच्या जाडीचं. ते गुंडाळून पेटीत भरायचं. ताऊलमधून या गुंडाळ्या खेचरांच्या पाठीवरून खाली उतरल्या आणि मग बार्सिलोनाला गेल्या. तिथे मागच्या बाजूचा उरलेला चुना घासून काढला, चुना आणि दुधातल्या केसीनच्या लेपाने नवं कापड मागे चिकटवलं, समोरचा सरस कोमट पाण्याने सोडवला आणि चर्चच्या मापाचा लाकडी अर्धघुमट सुतारांकडून करवून घेऊन त्यावर चित्र ताणून बसवलं. मागून पाहिलं तर बोटीचा सांगाडा दिसतो. हे काम निर्दोष होत नाही. रंगाचा काही भाग भिंतीतच राहतो, आणि वरून कोरड्यावर दिलेले बारीक हात सरसाबरोबर जातात.

१९२४ साली ही चित्रं बार्सिलोनाच्या सिउतादेया बागेतल्या संग्रहालयात लोकांना पाहायला मिळाली. १९३४ साली ती मोंजुइक टेकडीवरच्या राष्ट्रीय राजवाड्यात हलवली. हा राजवाडा १९२९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेला होता. १९३४ सालीच पिकासो ही चित्रं पाहायला आला. आधुनिक चित्रकारांना ताऊलच्या उस्तादाचा सपाट, कडक, निर्भीड चेहरा आपल्यातला वाटला यात नवल नाही. दोनच वर्षांत स्पेनमध्ये यादवी पेटली. १९३६ च्या उन्हाळ्यात कॅटालोनियात आणि आरागॉनमध्ये चर्चना आगी लावल्या गेल्या. सिहेनाच्या मठातली अप्रतिम भित्तिचित्रं होरपळून त्यांचे रंगच बदलले. बार्सिलोनातला संग्रह ओलोतला हलवला गेला आणि १९३७ साली त्यातला काही पॅरिसला प्रदर्शनासाठी गेला. युद्धानंतर चित्रं परत आली. फोल्क इ तोरेस यांच्या निर्णयाचं समर्थन करणारे इथे बोट ठेवतात, आणि ते बोट झटकता येत नाही.

याच काळात, १९२० ते १९२२ दरम्यान, इटलीचेच दोन तज्ज्ञ, लोरेंझो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी, हैदराबादच्या निजामाच्या बोलावण्यावरून अजिंठ्यात काम करत होते. तिथे निर्णय उलटा होता. चित्रं लेण्यातच राहतील, सुटणारा गिलावा जागच्या जागी घट्ट करायचा. त्यासाठी लाखेचं रोगण वापरलं गेलं आणि पुढे तेच पिवळं-तपकिरी पडून चित्रांवर धूसर पडदा आला. तो काढण्याचं काम पुरातत्त्व खात्याला पुढे अनेक वर्षं करावं लागलं. म्हणजे जागेवर ठेवण्याचीही किंमत असतेच. तरी अजिंठ्याचा पद्मपाणी त्याच्या अंधारात आहे आणि ताऊलचा ख्रिस्त दिव्यांखाली. आणखी एक गोष्ट मात्र खटकते: अजिंठ्याच्या भित्तिचित्राचा एक कापून नेलेला तुकडा बॉस्टनच्या त्याच संग्रहालयात आहे, जिथे मूरचा अर्धघुमट आहे.

चित्रांपेक्षाही विचित्र वाटणी एरिलच्या मूर्तींची झाली. १९०७ च्या मोहिमेला एरिल गावच्या चर्चमध्ये क्रुसावरून ख्रिस्ताला उतरवतानाचा सात लाकडी मूर्तींचा समूह सापडला. ख्रिस्त, त्याला सांभाळणारे अरिमथाईचा योसेफ आणि निकोदेम, दोन बाजूंचे दोन चोर, आणि शोक करणारे मरिया व योहान. आज पाच मूर्ती विकच्या धर्मप्रांताच्या संग्रहालयात आहेत. मरिया आणि योहान बार्सिलोनात. आई एका शहरात आणि क्रुसावरून उतरवला जाणारा मुलगा दुसऱ्या शहरात. एरिलला प्रतिकृती मिळाली. संग्राहकांच्या यादीत या दोन स्वतंत्र नोंदी असतात. मूर्ती कोरणाऱ्याला मात्र सात माणसं मिळून एकच क्षण होता.

आणि ताऊल? १९६० च्या सुमारास संत क्लेमेंटच्या अर्धघुमटात मूळ चित्राची हाताने रंगवलेली प्रतिकृती बसवली गेली. खोऱ्यात रस्ते आले, जलविद्युत प्रकल्प आले, १९५५ साली जवळच आयगुएस्तोर्तेसचं राष्ट्रीय उद्यान झालं, ऐंशीच्या दशकात वरच्या उतारांवर बर्फावरून घसरण्याचं केंद्र उभं राहिलं. गुरांऐवजी पाहुणे हे उपजीविकेचं साधन झालं. पर्यटक यायचे, प्रतिकृतीसमोर उभे राहून फोटो काढायचे आणि त्यांतल्या अनेकांना ती प्रतिकृती आहे हे कळतही नसे.

२०१३ साली प्रतिकृती काढून टाकली. मागची भिंत साफ केल्यावर १९२० च्या आसपासच्या कारागिरांकडून राहून गेलेले मूळ रंगाचे अवशेष पुन्हा नीट दिसू लागले, त्यात काइन आबेलला मारतानाचा प्रसंगही आहे. मग एक वेगळा उपाय केला. प्रकाशझोतांच्या साहाय्याने मूळ चित्र भिंतीवर थेट उमटवायचं. दहाएक मिनिटांत आधी आखणीच्या रेघा येतात, मग रंग भरत जातात, आणि शेवटी ११२३ साली सगळी भिंत कशी दिसत असेल ते समोर येतं. नंतर दिवे जातात आणि अवशेष उरतात. मला हा उपाय प्रतिकृतीपेक्षा प्रामाणिक वाटतो, कारण चित्र इथे नाही ही गोष्ट तो लपवत नाही. सोबतचं संगीत मात्र थोडं कमी चाललं असतं.

वारसा म्हटलं की आपण भिंतींवर थांबतो. गावकऱ्यांच्या लेखी याच खोऱ्याचा दुसरा वारसा तितकाच मोठा आहे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला, एकेका गावात वेगवेगळ्या रात्री, माणसं डोंगरमाथ्यावर जाऊन पाइनच्या लाकडाच्या मोठ्या मशाली पेटवतात आणि त्या खांद्यावर घेऊन रांगेने पळत खाली गावात येतात. याला फायेस म्हणतात. दुरोची मिरवणूक संत किर्कच्या प्रार्थनास्थळापासून निघते. अंधारात डोंगरावरून उतरणारी आगीची नागमोडी रेघ समोरच्या गावातून दिसते. मूळ प्रथा ख्रिस्ती धर्माच्या आधीची असावी, पण तिचा दिवस संत योहानाच्या सणाभोवतीच्या पंचांगात बसला. २०१५ साली पिरेनीजच्या दोन्ही बाजूंच्या आणि अंडोराच्या गावांची ही प्रथा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. ही गोष्ट सोलून, गुंडाळून खाली नेता येण्यासारखी नव्हती.

मूळ चित्र ताऊलला परत द्यावं का? हा प्रश्न आता फक्त भावनेचा राहिलेला नाही. सिहेनाच्या मठाची जळकी चित्रंही यादवीच्या वेळी सोलून बार्सिलोनाला नेली होती. मे २०२५ मध्ये स्पेनच्या सर्वोच्च न्यायालयाने ती आरागॉनला परत करण्याचा निकाल दिला. संग्रहालयाच्या तज्ज्ञांचं म्हणणं असं, की केसीनच्या लेपावर तोललेला रंग हलवला तर तुटेल. ताऊलचा मामला कायद्याने वेगळा आहे. तिथे चित्रं विकत घेतली होती आणि पैसे चुकते केले होते. मूरच्या बाबतीत तर खरेदीदार तिसऱ्याच देशात आहे. माझं मत विचाराल तर ताऊलचं चित्र आता बार्सिलोनातच राहावं. दुसऱ्यांदा सोलण्याचा धोका पत्करण्याइतकी कोणतीही भिंत मोठी नाही. पण खांबावरची ती तारखेची अक्षरं परत द्यायला हरकत नसावी. ती कलाकृती म्हणून कुणी फारशी पाहत नाही, आणि त्या खांबाखेरीज दुसरीकडे त्यांना अर्थ नाही.

कधी जाणं झालंच, तर आधी ताऊलला जावं. प्रकाशाचा खेळ सुरू होण्याआधी आत शिरून अर्धघुमट किती उंच आहे, वेदी कुठे होती आणि सकाळी खिडकीतून किती कमी उजेड आत येतो ते पाहून घ्यावं. मरियेचं चर्च गावाच्या मधोमध आहे, आजही गावाची मिस्सा तिथे होते, तिथेही डोकावावं. मग बार्सिलोनाला संग्रहालयात जाऊन त्या लाकडी घुमटासमोर थोडं दूर उभं राहावं. उलट क्रमाने गेलं तर संग्रहालयातला ख्रिस्त एक उत्तम चित्र एवढाच उरतो आणि ताऊलचं चर्च रिकामं वाटतं.